फ्रेंच तत्त्वज्ञान, पाच खुर्च्या आणि एक निळी कडी

शनिवार, संध्याकाळचे पाच. कर्वेनगरमधल्या एका सोसायटीचा हॉल, पाच प्लास्टिकच्या खुर्च्या. इथे आम्ही फ्रेंच तत्त्वज्ञान वाचतो. वर्तमानपत्रात तीस वर्षं क्राइम बीट केली, पण धक्के या हॉलमध्ये जास्त बसले. एक किस्सा सांगायला जावं, तर मागे चार उभे!

*

पहिल्याच दिवशी सर, म्हणजे आमचे निवृत्त प्राध्यापक, म्हणाले, "इच्छा आपली नसतेच. बाजार ती आधी आपल्यात घडवतो, मग विकतो."

वाघोलीचे नाना खूश! वडिलांच्या शेतावर टॉवर उभे करणारे बिल्डर ते. "सर, सेल्सवाल्यांना मी रोज हेच सांगतोय! फ्रान्समधी बी हेच हाय का?"

*

"मनात काही कमी असतं, म्हणून इच्छा होते का?" सरांनी विचारलं.

समुपदेशन करणाऱ्या मेधाताई म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे येणाऱ्यांना काही कमी नसतं. शेजाऱ्याकडे जास्त असतं!"

*

मग सरांनी प्रथा पाडली. दर शनिवारी एकाने आपली खरी इच्छा सांगायची. ती हॉलबाहेर न्यायची नाही.

"पत्रकारासमोर?" मी विचारलं.

"तुम्हाला सोडून सगळ्यांवर माझा विश्वास आहे," सर म्हणाले.

*

मग आमच्यातल्या वर्षाची वेळ आली. मूळची अमरावतीची, हडपसरला आयटीत. सासरी दोन खोल्यांत सहा माणसं.

"मला एक खोली हवी. दाराला आतून निळी कडी, माहेरी होती तशी. ती लावली की कुणी हाक मारायची नाही. नवऱ्यानेसुद्धा." मग एकदम घाबरली. "घरी कळलं तर माझं काही खरं नाही हं!"

*

महिन्याभरात नगर रस्त्यावर नानांच्या नव्या स्कीमचं होर्डिंग लागलं. भली मोठी निळी कडी. खाली, "आतून लावा. कुणी हाक मारणार नाही. नवरासुद्धा!"

वर्षाच्या नवऱ्याने फोटो काढून तिला पाठवला. "ही तुझ्या माहेरची कडी. कुणाकुणाला सांगत फिरतेस?" शनिवारी ती आली, ती सुजलेले डोळे घेऊन.

सर म्हणाले, "बघा, भांडवलशाही इच्छा कशी गिळते!"

माझं डोकंच फिरलं. "सर, भांडवलशाही यातल्या कुठल्या खुर्चीवर बसली होती?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. "जाहिरात एजन्सीनं आणलं, मी पास केलं," नाना म्हणाले. "ते हिचं हाय, हे मला काय ठाव?"

मी सरांच्या हातातली हजेरीची वही ओढली. वर्षा बोलली त्या शनिवारी नाना आलेच नव्हते. हॉलमध्ये तिला धरून आम्ही चौघेच होतो, म्हणजे कडी एजन्सीपर्यंत गेली ती आमच्यातूनच.