मिझोबे-सानचा शिक्का

जपानमधल्या बेप्पू गावात, बसस्थानकामागच्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आम्ही अकरा जण हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम बनवतो. मी, कुरोकी, प्रोग्राम लिहितो आणि बासष्ट वर्षांच्या मिझोबे-सान त्यातल्या चुका काढतात. पूर्वी त्या एका हॉटेलात खोल्या तपासायच्या. चादरीवरची सुरकुती हुडकणारी ती नजर आता माझ्या कामावर असते, माझं नशीब! तपासून समाधान झालं की त्या मंजुरीच्या कागदावर आपला लाल शिक्का उमटवतात. तो नसेल तर इथून काहीही बाहेर जात नाही.

भटक्या तलवारबाजाचा आमचा नवा गेम बाजारात येऊन पाच महिने झाले होते. एकही तक्रार नव्हती, त्यामुळे मी हवेत होतो. अशात एका सोमवारी मिझोबे-सान माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कुरोकी, तुझ्या गेममधला शेवटचा साप लबाड आहे. तो झेपावला की तोमिए उडीचं बटण दाबते, आणि तुझा तलवारबाज ढिम्म उभा!"

तोमिए-सान म्हणजे आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या आजीबाई. वय चौऱ्याहत्तर.

"या वयात बटण उशिरा पडणारच," मी म्हणालो.

"तीही तेच म्हणते. हात गेले म्हणते. विणकाम खोक्यात भरून ठेवलं, आणि आता गल्ल्यावर बसणंही सोडणार आहे. तुझ्या सापापायी!"

मी जागच्या जागी दहा वेळा खेळून दाखवलं. दहाही वेळा उडी बसली. मिझोबे-साननी माझ्या हातातल्या कन्सोलची चार्जरची वायर उपटली.

आमच्याकडे एक शिरस्ता आहे. कन्सोल वापरलं की परत वायरीला लावून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला भरलेलं मिळतं. होता होता वायर काढायचीच बंद झाली. इतके आम्ही सभ्य! वायरीशिवाय हे यंत्र बॅटरी वाचवायला आपला वेग कमी करतं, आणि पाच महिन्यांत आमच्यातल्या एकानेही ते तसं खेळून पाहिलं नव्हतं. आता साप धुक्यातून झेपावला, चित्र क्षणभर अडखळलं आणि माझी उडी गडप झाली. लागोपाठ तीनदा मेलो.

"हात गेले वाटतं तुझे," मिझोबे-सान म्हणाल्या.

लाजेने माझे कान तापले. तक्रार का येत नव्हती, तेही तेव्हा कळलं. लोक बिचारे स्वतःच्याच हातांना दोष देत होते.

मग मी सुधारणा लिहायला बसलो. धुकं हलकं केलं, म्हणजे ते रेखाटताना यंत्राला धाप लागू नये. चित्र अडखळलं तरी बटणाची नोंद त्याच क्षणी होईल अशी सोय केली. आजीबाईंना वाचता यावीत म्हणून अक्षरंही मोठी केली. तरी दोनदा मिझोबे-साननी शिक्का डबीत परत ठेवला.

"अहो, शंभरात एकदा अडखळतंय!" मी चिडलो.

"आणि तो एकदा तोमिएच्या वाट्याला आला तर?"

तिसऱ्या वेळी त्यांनी शिक्का आणि कागद पर्समध्ये टाकला, कन्सोल माझ्या हातात दिलं आणि दुपारीच मला स्नानगृहात नेलं.

"मी नाही खेळत. उगाच फजिती कशाला?" तोमिए-सान म्हणाल्या.

"एकदाच खेळ. माझ्यासाठी," मिझोबे-सान म्हणाल्या.

साप झेपावला. तलवारबाज अलगद बाजूला उडाला. दुसऱ्यांदाही उडाला. तिसऱ्यांदा मात्र सापाची शेपटी फिरली आणि गडी आडवा. मी आजीबाईंकडे पाहिलं.

"अगं, ही चूक माझी!" त्या ओरडल्या. "शेपटीकडे बघितलंच नाही मी! हात बरोबर चालले होते, बघितलंस ना? लाव, परत लाव!"

खांद्यावर टॉवेल टाकलेली गिऱ्हाइकं गल्ल्यापुढे ताटकळत होती, पण आजीबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. मिझोबे-साननी तिथेच गल्ल्यावर कागद ठेवून शिक्का मारला. त्या इतक्या हसत होत्या की तो तिरका उमटला. इतक्या वर्षांतला त्यांचा तेवढा एकच शिक्का तिरका आहे, आणि मी तो बदलून मागितला नाही.