इंटरव्हलनंतरचा सिनेमा

"शेवटी त्या आईचं काय होतं रे?" काकूंनी सहज विचारलं, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं... तोपर्यंत मी आमच्या हॉरर ग्रुपचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा मेंबर होतो.

दर रविवारी दुपारी तारनाक्याला जान्हवीच्या घरी आम्ही चार-पाच जण जमतो. नवीन आलेल्या भुताच्या सिनेमावर भांडायचं, एवढाच अजेंडा. काकू म्हणजे जान्हवीची आई. त्या असला एकही सिनेमा बघत नाहीत, पण पोहे परतता परतता आमचं सगळं ऐकत असतात.

त्या दिवशी विषय होता एका सिनेमाचा दुसरा भाग. नाव घेत नाही, फॅन लोक तुटून पडतील. पहिला भाग माझा भयंकर लाडका... त्यात आई मुलीला वाचवता वाचवता विहिरीत जाते, आणि तिथेच संपतो. दुसऱ्यात तीच आई भूत होऊन परत.

मी नेहमीसारखा पेटलो. म्हटलं, पहिल्या भागात एक भूत पुरलं, इथे तीन केलीत, तिसऱ्यात त्यांची लग्नं लावतील आणि आपल्याला पत्रिका येईल. जान्हवी हसली. ती हसली की माझा आवाज अजून चढतो... काय करणार.

तेवढ्यात काकूंचा तो प्रश्न आला. मी बेधडक म्हणालो, "मरते."

"अरे, पण ती तर पहिल्या भागातच मेली ना?"

आमच्या ग्रुपमधला इम्रान हसून हसून दिवाणावरून खाली यायचाच बाकी होता.

"आई, त्याला काय विचारतेस," जान्हवी म्हणाली. "तो सिक्वेलला इंटरव्हललाच उठतो. त्याच शोला मी बाल्कनीत होते. इंटरव्हल संपून लाइट परत गेले, आणि माझ्या फोनवर याचा रिव्ह्यू आला."

"आधी प्लेट खाके पूरी बिर्यानी कू नामाँ रखते क्या मियाँ?" इति इम्रान.

मी भडकलो. म्हटलं, कुठे चाललाय ते दिसत होतं, मग वेळ कशाला घालवायचा? त्यावर जान्हवी अगदी हळू म्हणाली, "कॉलेज सोडलंस तेव्हा पण हेच म्हणाला होतास."

इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षाला सोडलं. सध्या आबिड्सला मामाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो. यावरून घरात कुणी बोललं की मी दुप्पट बोलतो... त्या दिवशी मान खाली घालून पोहे संपवले.

कारण जान्हवी या महिन्याच्या शेवटी नोकरीसाठी पुण्याला चाललीय. मला एकदम दिसलं, की ती मला तिकडे असाच लक्षात ठेवणार... इंटरव्हलला उठणारा एक पोरगा म्हणून.

मंगळवारी मामाला बँकेत जातो सांगून सिकंदराबादला त्याच सिनेमाची मॅटिनी गाठली. इंटरव्हल झाला आणि पाय आपोआप पार्किंगमध्ये. हेल्मेटसुद्धा घातलं. मग एका बाईकला टेकून हातातला समोसा खायला गेलो, तर हेल्मेट काढावं लागलं... म्हटलं, आता काढलंच आहे तर जाऊन बसू.

सेकंड हाफ वाईट आहे. मी बरोबरच होतो. मांत्रिक बोलायला लागतो तो थांबतच नाही, आणि दार वाजलं तरी छत कोसळल्यासारखा आवाज देतात.

पण एक सीन आहे... मुलगी मोठी झालीय, हॉस्टेलला जायला बॅग भरतेय. कपडे कसेही कोंबते आणि पाणी प्यायला जाते. तिला न दिसणारी आई येऊन सगळ्या कपड्यांच्या घड्या घालते. म्युझिक नाही, दचकवणं नाही. मुलगी परत येते, बॅग बघते, आणि आपणच घातल्या असतील म्हणून चेन लावते.

मी समोसा हातात धरून तसाच बसलो होतो.

पुढच्या रविवारी गेल्या गेल्या म्हटलं, काकू, शेवट सांगतो. त्यांनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत समोर येऊन बसल्या. मांत्रिक आईच्या भुताला मुक्ती द्यायला आलेला असतो, पण ती जात नाही, हे सांगितलं. मुलगी हॉस्टेलला पोचते, तिला मैत्रिणी मिळतात, ती पोटभर जेवते... मग ही जाते.

"आणि घड्या कुणी घातल्या ते मुलीला कळतच नाही?"

"नाही कळत, काकू."

"नाहीच कळत," काकू म्हणाल्या. आतल्या खोलीत जान्हवीची बॅग अर्धी भरलेली दिसत होती.

"आई, मी पुण्याला चाललेय. मरायला नाही."

"मेली आई आहे त्यात. मुलगी नाही. नीट ऐकत जा."

सगळे हसले. काकू पण हसल्या आणि जरा घाईनेच आत गेल्या.

मी जाहीर केलं, तरीही दोनच स्टार. जान्हवी म्हणाली, तिलाही सेकंड हाफ अजिबात आवडला नव्हता. आता मात्र माझं डोकं फिरलं. "मग मला एवढं ऐकवलंस कशाला?"

"तुला नावडायला आधी तो बघावा तर लागेल ना."

 

बाकीचे गेले. मी दाराशी बूट घालत होतो, ती सोडायला आली होती. एकाच बुटाची लेस दोनदा बांधून झाली. म्हटलं, "तू जायच्या आधी एक सांगायचंय... जाऊ दे."

"जाऊ दे नाही. पूर्ण सांग."

मग मी पूर्ण सांगितलं. अडखळत, नको ते पण मधे घालत, पण शेवटपर्यंत. (हे सगळं तिला विचारूनच लिहितोय. मांत्रिकाबद्दल अजून लिही म्हणाली.)

तिने मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "ऐकलं. आता लगेच उत्तर मागू नकोस. आणि भडकू पण नकोस."

एरवी मी दोन्ही केलं असतं. त्या दिवशी आतून काकूंचा भांडी लावल्याचा आवाज येत होता, जान्हवी भिंतीला टेकून उभी होती, आणि माझ्या मनात राग कुठेच नव्हता... हे तिच्यामुळे की त्या वाईट सिनेमामुळे, देव जाणे. दोघांचेही आभार.

"हौ, ठीक आहे," एवढंच म्हणालो, दुसऱ्या बुटाची लेस बांधली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.