एकाच नावाच्या दोघी

जळगावच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत भिल्ली बोली समजणारी मी एकटीच. कुणी विचारायच्या आधीच हे मी सांगून टाकत असे. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांचे कान पिळले, आणि वर ही एक जास्तीची बोली; मिरवायला आणखी काय लागतं? गेल्या हिवाळ्यात पाळकसाहेब म्हणाले, "ताई, साक्रीकडची आदिवासी मंडळी रविवारी आपल्याकडे येतेय. एकत्र उपासना, प्रभुभोजन, मग सगळ्यांचं जेवण. त्यांच्यातल्या एक आजी साक्ष देणार आहेत. तुम्ही मराठीत सांगाल ना?" प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून घेणं, आणि साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगणं. सांगेन म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी साडीला इस्त्री करून ठेवली.

रविवारी आजी जीपमधून उतरल्या आणि मी ओळखलं. अगं बाई, ही तर आमची! माझे वडील साक्रीच्या पुढे एका खेड्यात मिशनचे प्रचारक होते. तेव्हा वीस वर्षं ही आमच्या घरी कामाला होती. भांडी, झाडलोट, पाणी, आणि मी. मी तिच्याच कडेवर वाढले, भिल्ली शिकले तीही तिथेच. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. पण शेजारच्या बाईंना मी काय सांगितलं? "आमच्याकडे कामाला होती ही."

उपासनेत ती माइक धरून उभी राहिली. ती एक वाक्य बोलायची, मग मी मराठीत सांगायचे. आजारपण, प्रार्थना, माझ्या वडिलांनी नदीवर दिलेला बाप्तिस्मा, इथपर्यंत माझी गाडी झोकात चालली होती. मग ती म्हणाली, "बाप्तिस्म्याला नवं नाव घ्यायचं होतं, ते मी स्वतः मागून घेतलं." हेही मी सांगितलं. मग ती सलगच बोलत गेली.

माझ्याकडे हात करून म्हणाली, "मी हिचंच नाव मागितलं. हिच्यावर माझा जीव होता. दिवसभर मी त्याच नावानं हिला हाका मारायची, मला दुसरं नाव सुचलंच नाही. पण घरी आल्यावर हिची आई म्हणाली, माझ्या लेकीला आणि ह्या भिल्लिणीला एकाच नावानं हाक मारायची का? मग त्या घरात मला कुणी त्या नावानं बोलावलं नाही. 'ए भिल्लिणी' म्हणायचे. हीसुद्धा म्हणायची. मला लाज वाटली, मग मीही ते नाव कुणाला सांगितलं नाही. आज मी माफ करायला आलेय. हे सगळ्यांना कळू दे, मग मी प्रभूची भाकर घेईन."

आणि माइक माझ्याकडे दिला.

आठवलं नाही असं म्हणायला जागाच नव्हती. ओसरीवर उभी आई, तिचा तो आवाज, आणि तिच्यामागून तसाच आवाज काढणारी आठ वर्षांची मी. समोर भरलेलं चर्च. पहिल्या बाकावर माझ्या हाताखाली शिकलेले दोघे, पाळकसाहेब हसतमुख. मी घसा साफ केला आणि म्हणाले, "आजी म्हणतात, आमच्या घरात त्यांना नवं नाव मिळालं, खूप माया मिळाली, त्यासाठी त्या देवाचे आभार मानतात."

"आमेन!" सगळे एकदम म्हणाले. टाळ्यासुद्धा पडल्या. मागच्या बाकांवर बसलेली तिची माणसं मात्र गप्प होती. त्यांना दोन्ही बोली येत होत्या, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. भिल्ली समजणारी मी एकटीच ना!

माझे पणजोबा गावाबाहेरच्या वस्तीतले. गावाच्या विहिरीवर त्यांना चढू देत नसत. ख्रिस्तानं आपल्याला वर उचललं, असं आई अभिमानानं सांगायची, आणि ते खरंच होतं. पण वर आल्या आल्या आम्ही काय केलं, तर आपल्याखाली अजून कोण उरलंय ते बघितलं. दुसऱ्यांनी आम्हाला जातीवरून हाक मारलेली आम्हाला आजही झोंबते. आम्ही मारलेली हाक मात्र आमच्या लक्षातही राहिली नाही.

भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरू लागलं. तिच्यापाशी आलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि तुकडा न घेता पुढे दिलं. आधी समेट, मग भोजन, हे मी संडे स्कूलच्या पोरांकडून घोकून घेतलेलं. ताट माझ्याकडे आलं, तेव्हा लोक बघताहेत म्हणून मी तुकडा घेतला.

नंतर अंगणात पंगत बसली. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि भिल्लीत विचारलं, "मावशी, भरीत जमलंय का?"

ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "मी असं कुठं म्हणाले गं?"

"तुला मराठी येते?"

"तुझ्या आईच्या शिव्या काय भिल्लीत होत्या?"

आवाज चढला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मग तूच का नाही सांगितलंस मराठीत?"

"मला सांगायचं नव्हतं. तुझ्या तोंडून निघायला हवं होतं," ती म्हणाली, आणि भाकरी मोडू लागली. जाताना तिनं पुन्हा माझ्या गालावर हात ठेवला नाही.

आठवडाभर मी घरातल्या सगळ्यांवर खेकसत राहिले. पुढच्या रविवारी न विचारताच पुढे गेले, माइक घेतला आणि तिचं एकेक वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मी कसं बदललं तेही सांगितलं. सांगून झाल्यावर बायका डोळे पुसत माझ्याभोवती जमल्या. "काय धीर आहे ताई तुमचा!" "अशी साक्ष कधी ऐकली नव्हती!" पाळकसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. झालं! शरमेनं मान खाली घालायला गेले आणि हार घालून घेऊन आले. त्या बायकांमधल्या एकीनंही मावशीचा पत्ता विचारला नाही. खरं सांगायचं तर, कौतुक मला आवडलंही. ही लाज पहिल्या लाजेपेक्षा जड होती.

मग मी एकटीच निघाले. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, पुढे जीप, आणि शेवटचा तुकडा पायी. कुणी बघणारं नको होतं. पाड्यावर, जळगावला साक्ष द्यायला आलेल्या आजी कुठं राहतात असं विचारत विचारत तिचं घर गाठलं. अंगणात एक बाई ज्वारी पाखडत होती. ही सून असणार. उपासनेला आलेल्यांमध्ये ही नव्हती.

मी दाराकडे तोंड करून हाक मारली. माझंच नाव. जन्मभर लोकांनी मला त्या नावानं हाका मारल्या, पण मी ते नाव दुसऱ्या कुणासाठी कधी उच्चारलंच नव्हतं. माझ्याच तोंडात ते परकं वाटलं आणि आवाज फाटला.

सुनेनं सूप खाली ठेवलं. "चुकलात बाई. ह्या नावाचं इथं कोणी नाही."

हिला दोष कसा देणार? ते नाव बाप्तिस्म्याच्या दिवशीच आमच्या ओसरीवर पुसलं गेलं होतं. परत फिरावंसं वाटलं, पाय वळलेही. मग पुन्हा दाराकडे तोंड केलं आणि तीच हाक मारली, ह्या वेळी मोठ्यानं, वर्गात हजेरी घ्यायचे तशी.

आत खाट करकरली. सून माझ्याकडे बघत राहिली, आणि आतून म्हातारीनं ओ दिली.