बाळारामच्या खिशातला स्विच

बाळाराम घरात आला की चपला दाराबाहेर काढतो, हात धुतो आणि स्टीलच्या एखाद्या डब्याचं झाकण मागतो. काढलेले स्क्रू त्या झाकणात ठेवतो. मशिन परत चालू झाल्याशिवाय चहाला हात लावत नाही. आणि निघताना बदललेला जुना पार्ट घरच्या माणसाच्या हातात देतो. माझ्या शांती नगरच्या घरात तो चौदा वर्षं एसी बघतोय. तेवढ्या काळात माझ्याकडे एक गंजका पंखा, तीन कपॅसिटर आणि तांब्याच्या नळीचे तुकडे जमलेत. पहिल्यांदा मी चिडून विचारलं होतं, याचं मी काय करू? तो म्हणाला, "फेका पायजे तर. पन तुमचा हाय, तुमाला दिला. मागून कोन बोलायला नको."

मी आयुष्यभर विमा कंपनीत क्लेम तपासले. माणूस खरं किती बोलतो आणि कुठे थांबतो, हा माझा धंदाच होता. त्यामुळे चटकन कुणावर विश्वास ठेवत नाही. बाळारामवर ठेवला.

तो मुर्धा गावचा. बाप होडीवर जायचा, त्याला स्वतःला समुद्र लागायचा. कोळ्याच्या पोराला ओकाऱ्या होतात म्हणून गावाने भरपूर हसून घेतलं. मग तो मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यात लागला, तिथे कॉम्प्रेसर शिकला आणि तिथून एसीकडे आला. आता बावन्न वर्षांचा आहे. "बाप मासळी थंड ठेवायचा, मी मान्सं ठेवतंय," असं तो वर्षातून एकदा तरी म्हणतो आणि दर वेळी नव्याने हसतो.

माझी पुतणी उर्मिला जेसल पार्कला राहते. तिने आणि तिच्या नवऱ्याने, नीरजने, शेजारचा फ्लॅट घेऊन दोन्ही जोडले आणि सगळ्या घराला मिळून एकच एसी बसवला. कोरड्या बाल्कनीत कपाटाएवढं मशिन आणि तिथून छतामागून प्रत्येक खोलीत हवेचा मार्ग. उर्मिलाच्या सासूबाई शुभदाताई दम्याच्या. पहिल्याच पावसाळ्यानंतर मशिनमधून ओलसर, कुबट वास यायला लागला आणि त्यांचा खोकला वाढला. मी बाळारामचं नाव सुचवलं.

त्याने मशिन उघडून आतली थंड होणारी जाळी दाखवली. ती सतत ओली राहते आणि तिच्यावर बुरशी धरते. ती धुऊन काढून त्याने तिच्यासमोर अल्ट्राव्हायोलेट दिवा बसवला. नीरज इंटरनेटवर वाचून आला होता की या दिव्याने घराची हवा हॉस्पिटलसारखी होते. बाळारामने त्याचा उत्साह लगेच मोडला. "दिवा धूळ खात न्हाय, साहेब. धुळीला फिल्टरच लागतो, तो म्हयन्याला धुवायचा. दिवा फक्त बुरशी मारतो. आनि वर्षानी बदलायचा. निळा दिसला तरी त्याच्यातली ताकद गेलेली असते."

शुभदाताईंना त्याने वेगळं समजावलं. "ताई, हा उजेड डोल्यांना वाईट. मशिनचा दार उघडायचा न्हाय. चुकून उघडलाच तर आत स्विच हाय, दिवा आपसूक विझतो. घाबरू नका."

वास गेला. खोकला पुरता गेला नाही, पण कमी झाला. शुभदाताई त्या मशिनच्या प्रेमातच पडल्या. दिवा चालू असला की बाहेर एक हिरवा ठिपका दिसायचा. सकाळी तुळशीला पाणी घातलं की त्या ठिपका बघून यायच्या.

ऑगस्टमध्ये ठिपका विझायला लागला. जेसल पार्क खाडीच्या काठावर, तिथली खारी हवा लोखंडाला काय सोडते? दाराचा स्विच गंजून अडकत होता आणि दार बंद असूनही दिवा बंद पडत होता. बाळारामने दोनदा स्विच साफ केला. तिसऱ्यांदा शुभदाताईंचा फोन आला तेव्हा त्याने नवा स्विच मागवला आणि तोवर चालावं म्हणून जुन्याच्या दोन वायरी एकमेकींना पिळून वर टेप लावली. आता दार उघडं असो की बंद, दिवा चालूच राहणार होता. नवा स्विच आठवड्याने आला. बाळारामने तो स्कूटरच्या डिकीत टाकला. तेवढ्यात घरचे गणपती आले, मागोमाग नवरात्र, आणि स्विच डिकीतच राहिला.

दसऱ्याला नीरज खाली गाडीला हार घालत होता. वर शुभदाताईंनी मिक्सर, शिलाई मशिन, लॅपटॉप सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "जे यंत्र मला श्वास देतंय, तेच तेवढं राहिलं." उर्मिलाने बाहेरून कुंकू लावायला सांगितलं. त्यांना ते पटेना. देवाची पूजा कोणी कपाट बंद ठेवून करतं का? दिवा विझेल हे बाळारामने सांगितलंच होतं. उर्मिलाने स्क्रू काढून दार उघडलं. दिवा विझला नाही.

पूजेच्या वेळी दिवा तेवत राहिला तर तुम्ही-आम्ही काय समजतो? शुभदाताईही तेच समजल्या. "बघ, विझला नाही! केवढं शुभ आहे," म्हणून त्यांनी उर्मिलाला नैवेद्य आणायला आत पाठवलं आणि स्वतः पाट घेऊन समोर बसल्या. आरती म्हटली, हात जोडले, डोळे भरून त्या निळ्या उजेडाकडे बघत राहिल्या. वीस मिनिटं तरी झाली असतील.

संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं झालं. पाणी थांबेना, पापणी उघडेना, चेहरा लालबुंद. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "आजी, तुम्ही वेल्डिंग करता का?" थेंब दिले, अंधारात पडून राहायला सांगितलं आणि दोन-तीन दिवसांत डोळे बरे होतील म्हणाले. तसे ते झालेही.

दुसऱ्या दिवशी बाळाराम गेला. नीरज तणतणत होता, पण कंपनीवर. स्विच खराब दिला म्हणून मेल लिहीत बसला होता. आतल्या खोलीतून डोळ्यांवर ओलं फडकं ठेवलेल्या शुभदाताई म्हणाल्या, "बाळारामभाऊ, तुम्ही उघडू नका म्हणाला होता. मीच ऐकलं नाही. माझंच काहीतरी चुकलं." बाळारामने नवा स्विच बसवला, तो चालतो हे दोनदा बघितलं आणि निघाला. जुना पार्ट द्यायला विसरला, असं उर्मिला मला फोनवर सहज म्हणाली.

विसरला नव्हता. त्याच दुपारी तो माझ्याकडे आला आणि खिशातून तो स्विच काढून टीपॉयवर ठेवला. पिळलेल्या वायरी, त्यावर काळी टेप.

"काका, मीच जोडलीय. काय करू?"

मी काय सांगितलं ते लिहायला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "स्विच खाऱ्या हवेने खराब झाला, एवढंच सांग. ते खोटं नाही. डोळे बरे होतायत. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस?" असली वाक्यं मला कायम चांगली जमली. तो स्विच खिशात घालून गेला. चहा तसाच राहिला.

शुभदाताईंचे डोळे उघडले, पण संध्याकाळी त्या देवापुढे निरांजन लावेनात. उर्मिलाला लावायला सांगत आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. आपल्या हातून पूजेत काही घोर चूक झाली आणि देवाने डोळ्यांवरच मारलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. फिल्टर धुवायला गेलेल्या बाळारामला हे पाचव्या दिवशी उर्मिलाकडून कळलं. त्याने खिशातून स्विच काढला आणि सरळ शुभदाताईंच्या हातात दिला.

"ताई, हा तुमचा जुना पार्ट. द्यायचा र्‍हायला होता. वायरी मी जोडल्या. दिवा विझला न्हाय तो माझ्यामुले. तुमच्या देवाचा काय संबंध न्हाय."

शुभदाताई खूप रडल्या, असं उर्मिला सांगते. नंतर एवढंच म्हणाल्या, "पाच दिवस मी देवाची क्षमा मागतेय. तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" त्यावर बाळारामने माझं नाव घेतलं नाही, "माझा चुकला, ताई," म्हणाला. नीरजने त्याच दिवशी त्याचं येणं बंद केलं आणि बिल्डिंगच्या ग्रुपवरही टाकलं. जेसल पार्कातली त्याची सात घरं गेली. मला त्याने एका शब्दाने दोष दिला नाही.

पुढच्या दसऱ्याला शुभदाताईंनी नीरजचं काही न ऐकता बाळारामला स्वतः फोन केला, आणि मलाही जेवायला बोलावलं. त्याने झाकण मागितलं, स्क्रू काढले, दार उघडलं. दिवा लगेच विझला. दिव्याच्या काचेला बोट लावायचं नसतं हे त्याने सांगायच्या आधीच शुभदाताईंनी वाकून त्या छोट्याशा स्विचच्या शेजारी पत्र्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. मग पेढ्यांचं ताट घेऊन माझ्याकडे वळल्या.

"काशीनाथराव, माणूस मात्र तुम्ही खरा दिलात हो. दुसरा असता तर गप्प बसला असता. असं वागायला त्याला कोणी शिकवलं असेल?"

बाळाराम माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता तो सांगेल. त्याने खाली वाकून स्क्रू बसवायला घेतले. मी पेढा उचलला आणि म्हणालो, "घरचेच संस्कार असणार."