खवट साबण

साबणाचा कारखाना वाढला, तशी मालकीणबाईंनी उलट बोलणारी माणसं एकेक करून हाकलली. सख्ख्या नणंदेलाही घरी बसवलं. उरलेल्या नंदीबैलांना त्या कौतुकाने ‘माझी टीम’ म्हणायच्या.

परवा सर्दीने बाईंचं नाक चोंदलं होतं. नवी वडी त्यांनी टीमला हुंगायला दिली.

“फर्मास!” सगळे म्हणाले. बाईंनी तिथल्या तिथे ढीगभर वड्या पाडायला लावल्या.

घरी नणंदेने वडी नाकाशी नेली आणि भिरकावलीच. “शी! वहिनी, तेल खवट होतं. मेलेल्या उंदरासारखी घाण येतेय!”

सकाळी बाई कारखान्यात कडाडल्या, “काल कुणालाच घाण आली नाही?”

“आली ना, बाई. पण तुम्ही खूश दिसत होतात.”

बाईंनी एक वडी त्यांच्या नाकापुढे धरली. “आणि आज येतेय का?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तुम्ही म्हणाल तसं.”