आईच्या गायकमंडळाची तीन गाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसाने पाठ फिरवली होती. चर्चची विहीर आटलेली, पण जो तो जिल्ह्याच्याच गोष्टी करायचा. भाजी महाग का, तर जिल्हा झाला. बस उशिरा का, तर जिल्ह्याची गर्दी. अशातच एका रविवारी उपासना संपल्यावर माझी आई पाळकसाहेबांना म्हणाली, "आता आपला जिल्हा झाला की. नाताळाला गाणारे अजून नांदेडहूनच आणायचे का?"

दर नाताळाला नांदेडचं गायकमंडळ यायचं. पांढऱ्या साड्या नेसून पुढे उभं राहायचं. आई मागच्या खोलीत स्टोव्हला पंप मारत त्यांच्यासाठी चहा करायची. त्यांची गाणी तिने कायम स्टोव्हच्या आवाजातूनच ऐकली होती. एकदा तरी पुढे उभं राहून गावं, एवढीच तिची इच्छा.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नांदेडला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथल्या गायकमंडळात मी दुसऱ्या रांगेत उभी राहायचे.

"तू शिकवशील ना, बाळ?"

मी हो म्हणाले. लगेच त्यांनी नांदेडला पत्र टाकलं, यंदा येण्याची तसदी घेऊ नये.

मला स्वरलिपी वाचता येत नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नांदेडला मी शेजारच्या मुलीच्या तोंडाकडे बघत गायचे. ती चुकली की मीही चुकायचे.

शनिवारी एसटीने घरी आले, ती वहीत सहा गाणी उतरवूनच. गाणाऱ्या आठ जणी, त्यातल्या दोघींना वाचता यायचं. पहिलं गाणं मी सगळ्यात भारी निवडलं होतं, नांदेडचं चार आवाजांचं. मी दोनच आवाज ठेवले. चौघींनी वरची चाल गायची, मग त्यांनी थांबायचं आणि उरलेल्या चौघींनी खालची गायची. वरच्या चौघी गायल्या. खालच्या चौघींनी तीच ओळ पुन्हा गायली, आणि वरच्याही त्यांच्यात मिसळल्या. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या गल्लीत सोमवारी महादेवाचं भजन असायचं, आणि लहानपणापासून सगळ्या जणी ओट्यावर बसून ते ऐकत आलेल्या. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झेलायची. ओळ ऐकून गप्प बसणं हा त्यांच्या लेखी उद्धटपणा होता.

"मावशी, तुम्ही इथं थांबायचं," मी शिवणकाम करणाऱ्या मावशींना म्हणाले.

"का गं? मीच काय पाप केलंय?"

ते गाणं सोडलं. पुढच्या दोन शनिवारांत बाकीचीही गळू लागली. एक फार वर जायचं, तिथे मावशींचा आवाज जात्यात खडा सापडल्यासारखा व्हायचा. एकातले शब्द इतके अवघड की पाठ करता करता ईस्टर आला असता. एक इतकं संथ की श्वास पुरेना. सहातली दोन उरली. दोन्ही सुवार्तेची, छोटी, प्रत्येक कडव्यानंतर तेच ध्रुपद येणारी. पण नाताळाला तीन गाणी लागायची, आणि तिसरं तर वेगवेगळ्या आवाजांत गायलेलं, मोठं वाटेल असं हवं होतं.

त्या संध्याकाळी मी आईजवळ कबूल केलं, "मला ती चिन्हं वाचताच येत नाहीत गं."

"मला तर अ बी येत न्हाई," आई भाकरी थापत म्हणाली. "म्हणून काय मी गायची राहिले का? बघ दुसरं एखादं."

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर यायचा होता. आठही जणींनी घागरी रांगेत लावल्या, तशी मी सरावही तिथेच घेतला. चार ओळींचं एक गाणं, पाचच सूर, मुलांच्या रविवारच्या वर्गातलं. रांग कापडदुकानाच्या कट्ट्यापासून पार पिंपळापर्यंत गेलेली. मावशी पुढे होत्या, आई शेवटी. मावशींनी पहिली ओळ म्हटली आणि टँकर दिसतोय का बघत, न थांबता दुसरी सुरू केली. मागच्यांनी सवयीने पहिली झेलली. आईपर्यंत ती पोचली तेव्हा मावशी तिसरीवर होत्या. मी ओरडणार होते, तोच कानावर काहीतरी आलं. वेगवेगळ्या ओळी एकमेकींवर बसत होत्या. कुठेच खटकत नव्हतं.

कापडदुकानाचे काका सोमवारच्या भजनात पुढे बसून टाळ धरायचे. ते कट्ट्यावरून म्हणाले, "काय बाई, तुमच्या देवाला लई घाई हाय का? एक ओळ संपू तरी द्या!"

"तुमच्याच भजनाची सवय हाय ही!" मावशींनी सुनावलं.

काका हसले, पण आत जाऊन टाळ घेऊन आले आणि ठेका धरला. नांदेडला असं ओळीवर ओळ चढवून गाणं आम्ही दोन महिने घोकून बसवलं होतं. इथे ते रांगेत उभ्या उभ्या बसलं. टँकर आला आणि सगळ्या घागरींकडे धावल्या, पण तिसरं गाणं मला मिळालं होतं.

मी एकच गोष्ट बजावली. शेवटी मी हात वर केला की सगळ्यांनी एकदम थांबायचं, उरलेली ओळ सोडून द्यायची. सगळ्या "व्हय व्हय" म्हणाल्या.

नाताळाला आठ जणी रांगेच्याच क्रमाने पुढे उभ्या राहिल्या, आई शेवटी. पहिली दोन गाणी नीट झाली. तिसरंही शेवटाला आलं. मी हात वर केला, सात जणी थांबल्या. आई थांबली नाही. ती एकटीच, डोळे मिटून, शांतपणे चौथी ओळ शेवटपर्यंत गायली.

"थांबायचं होतं ना?" मी नंतर विचारलं.

"हातात आलेली ओळ अर्धी टाकायची व्हय? मला न्हाई जमत."

ती पहिल्या बाकावर गाणाऱ्यांत बसली होती. चहा मी केला. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "साखर कमी पडली. नांदेडवाल्यांना मी असला दिला न्हाई कधी."