मोकळ्या सोडलेल्या पिना

मी चौथी शिकलेलो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात उभं आयुष्य इलेक्ट्रॉनिक बोर्डांना पार्ट लावले. इंग्रजी वाचता येत नाही, पण सर्किटच्या नकाशात कुठला पार्ट कुठे ते बरोबर कळतं.

आम्ही औषधाची वेळ सांगणारा बोलका डबा बनवायचो. आत प्रोसेसर, शेजारी आवाज साठवणारी फ्लॅश मेमरी. प्रोसेसरच्या बऱ्याच पिनांना कामच नसायचं. नकाशा काढणाऱ्या मॅडम त्या प्रत्येक रिकाम्या पिनेला रेझिस्टन्स लावून ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या पट्टीला, बांधायला सांगायच्या.

मी म्हणायचो, "मॅडम, बिनकामाच्या पिनेला कशाला बांधायचं? फुकट वेळ जातो."

"काका, मोकळी सोडली की ती हवेतलं काहीबाही ऐकते. तुम्ही लावा गुपचूप."

एक बाद बोर्ड विचारून घरी आणला, नीट केला, डबा बनवला. आवाज भरायला बायकोला कारखान्यात नेलं. नीट बोल म्हटलं, तर बोलली काय? "अहो, गोळी घ्या. मग बसा टीव्हीपुढे." मॅडम हसून हसून बेजार. रिकाम्या पिनांना मात्र मी काही लावलं नाही. म्हटलं, घरचंच आहे.

डबा कपाटावर होता. रोज सकाळ-संध्याकाळ आठला बोलायचा. मग बायको गेली. स्वयंपाक माझ्याकडे आला, म्हणून डबा ओट्यावर फ्रिजला लागून ठेवला. तेव्हापासून फ्रिज सुरू झाला की डबा अवेळी बोलायला लागला. दुपारी तीनला "अहो". साडेचारला "अहो". खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. मी "आलो" म्हणायचो.

एक दिवस "अहो, गो..." आणि पुढे नुसती खरखर. तिचा दुसरा आवाज कुठे भरलेलाच नाही.

डबा पिशवीत घालून मॅडमच्या घरी कोपरीला गेलो. त्यांनी उघडला.

"काका! मोकळ्या पिना? तुम्ही?"

"घरचं म्हणून."

"शेजारी मोटर सुरू झाली की ह्या पिना भलतंच ऐकतात. प्रोसेसर गडबडतो, अवेळी मेमरीकडे आवाज मागतो. एखाद्या दिवशी मागायच्या ऐवजी पुसून टाकेल."

चारपाचदा डब्याचं बटण दाबल्यावर तो एकदा पूर्ण बोलला. तेवढा आवाज त्यांनी माझ्या फोनमध्ये भरून दिला. पण फोन मी दाबला तर बोलणार. तो स्वतःहून हाक मारत नाही.

"पिना बांधल्या की अवेळी बोलायचा बंद?"

"बंद. फक्त आठला."

"एखादी मोकळी ठेवली तर?"

त्या हसायला गेल्या. माझ्याकडे बघून थांबल्या. "काका, तुमचा डबा आहे. तुम्ही ठरवा."

मी सोल्डरिंग गन हातात घेतली. बोर्ड त्यांनी धरला. अकरा पिना, अकरा रेझिस्टन्स. एकही सोडली नाही.

घरी आलो, डबा होता तिथेच ठेवला. फ्रिज सुरू झाला. बंद झाला. पुन्हा सुरू झाला. डबा गप्प.

आठला ती बोलली. पूर्ण, टीव्हीसकट. मी सातपासून ओट्याशीच उभा होतो.